तहकूब दरखास्त

दिवाळीच्या रजेत चिखलदऱ्यास जावे, ही माझी दरखास्त ह्यांनी ऐकताक्षणीच नामंजूर केली, आणि गर्भवतीने घाट चढू नये या आज्ञेस आधार कोणता, असे विचारता उत्तरादाखल सासूबाईंच्या खोलीकडे नुसते बोट दाखविले. वस्तुतः प्रकृती निर्दोष असल्यास 14 व्या ते 28 व्या आठवड्यांचा काळ प्रवासास सर्वांत सोयीचा, हे वैद्यकास मान्य आहे. कारण तोवर मळमळ बहुधा ओसरलेली असते आणि पोटाचा भार अद्याप असह्य झालेला नसतो. परंतु हिंगोलीहून वाशीम, अकोला, परतवाडा हा लांबचा रस्ता आणि माझी कंबर यांचा हिशेब ह्यांनी वहीच्या मागल्या पानावर पेन्सिलीने मांडला, व त्याखाली पर्याय म्हणून औंढा नागनाथ लिहिले. आता गंमत पाहा! घाट निषिद्ध, पण ज्या ज्योतिर्लिंगाचे गर्भगृह जमिनीखाली, जेथे अरुंद वाटेने अंग चोरून, वाकून उतरावे लागते, ते मात्र सुरक्षित! हा मुद्दा मी मांडताच सासूबाई प्रथमच माझ्या पक्षास आल्या. शेवटी कयाधूकाठी नामदेवांच्या नर्सीस जाऊन सायंकाळी परतावे, असा तह झाला. चिखलदऱ्याची दरखास्त पुढल्या वर्षापर्यंत तहकूब आहे, रद्द नव्हे.