कारभाऱ्याचा हिशेब

पैशाविषयी मराठी बायबलात जे सांगितले आहे, त्यातले बरेचसे ‘कारभारी’ या एका शब्दाभोवती फिरते. कारभारी मालक नसतो. धन्याच्या वतीने वसूल गोळा करणारा, खर्च भागवणारा आणि बोलावणे आले की वह्या घेऊन उभा राहणारा तो माणूस. लूकच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायात असा एक कारभारी येतो. धन्याचे द्रव्य उधळल्याचा बोभाटा झाल्यावर त्याच्याकडे हिशेब मागितला जातो. ख्रिस्ती अर्थविचाराचा पाया एवढाच आहे: पगार, शेत, सोने हे देवाचे, माणसाकडे फक्त कारभार. हा पाया श्रीमंताला अडचणीचा वाटतो आणि गरिबाला दिलासा देणारा. महागाईत मात्र तो दोघांनाही सारखाच जड जातो.

महागाई म्हणजे कारभाऱ्याच्या हातातले माप लहान होत जाणे. केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेसाठी महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के ठरवून दिले आहे आणि वरची मर्यादा ६ टक्के. २०२२-२३ या वर्षात महागाई सरासरी ६.७ टक्के होती. दर ६ टक्क्यांवर टिकला तर साधारण १२ वर्षांत त्याच पिशवीतल्या किराण्याला दुप्पट पैसे लागतात. हुबळी-धारवाडच्या घरखर्चात हे बारीकसारीक रकमांनी येते. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकात सरकारी बसचे भाडे १५ टक्क्यांनी वाढले, एप्रिलमध्ये नंदिनी दूध लिटरमागे ४ रुपयांनी. दुसरीकडे जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे आणि ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेतून कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये मिळतात. पण ठरीव रक्कम वर्षागणिक झिजते. पहिल्या वर्षी त्या २,००० मध्ये जेवढा बाजार येत होता, तेवढा पुढे येत नाही.

या जुळ्या शहरांतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना काटकसर कुणी नव्याने शिकवावी अशी स्थिती नाही. बासेल मिशनचे लोक १८३४ मध्ये मंगळुरात उतरले, १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आले. ही माणसे जर्मन-स्विस भक्तिपंथातली. प्रार्थना, मेहनत आणि जमाखर्च या तीन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. बाप्तिस्मा घेतला की जातीचा धंदा, कुळाचे शेत आणि सोयऱ्यांची उसनवारी एकाच दिवशी तुटे, म्हणून पोटापाण्याचा प्रश्न मिशनच्या अंगावर आला. मंगळुरात विणकाम सुरू झाले, १८६५ मध्ये कौलांचा कारखाना निघाला, १८५९ मध्ये मिशनची स्वतंत्र व्यापारी कंपनी स्थापन झाली. धारवाडकडे मंगळूर-मलबारच्या तोडीचे कारखाने उभे राहिले नाहीत. इथे शाळा राहिल्या, आणि शाळांतून नोकरदार निघाले.

या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता. कारखान्याच्या गावी पगार देणारा आणि प्रवचन देणारा एकच होता. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना सरकारने नजरकैदेत टाकले, मिशनचे कारखाने हातून गेले, आणि दोन पिढ्या एकाच आश्रयावर विसंबलेल्या कुटुंबांना एकदम बाजारात उभे राहावे लागले. सारी मिळकत एका धन्याकडून येत असेल तर काटकसर कितीही केली तरी ती अपुरी पडते, हे त्या घरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

हुबळीच्या ख्रिस्ती घरांपुढे आज मोठा प्रश्न उधळपट्टीचा नसून कर्जाचा आहे, त्यातही जामीनकीचा. कर्जाच्या अटी बहुतेक जण वाचत नाहीत, हप्ता तेवढा ऐकतात. एक हिशेब मांडून पाहावा. १०,००० रुपये घेतले आणि आठवड्याला २४० रुपयांप्रमाणे ५० आठवडे फेडले तर एकूण १२,००० जातात. घेणाऱ्याला वाटते, व्याज शेकडा २०. पण मुद्दल दर आठवड्याला कमी होत असते आणि सरासरी निम्मीच रक्कम हातात असते, म्हणून खरा वार्षिक दर ३८ टक्क्यांच्या पुढे जातो. हे कायदेशीर कर्जाचे झाले. इकडे ‘मीटर बड्डी’ म्हणून जी चीज आहे, तिच्यात रिक्षाच्या मीटरसारखे व्याज दिवस-आठवड्यांनी धावते. आठवड्याला शेकडा १० असा भाव धरला तर १०,००० वर वर्षाला ५२,००० रुपये व्याज जाते आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. अशा व्याजाविरुद्ध कर्नाटकात २००४ चा कायदा आहे. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीतली दांडगाई रोखण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूमही निघाला. मात्र कायदा दारात येतो तोवर घरातली बोरमाळ गेलेली असते.

बायबलात व्याजाचा विषय जुन्या करारापासून येतो. गरीब भावाकडून व्याज घेऊ नये, असे निर्गम आणि लेवीय या पुस्तकांत बजावले आहे. नहेम्याच्या पाचव्या अध्यायातली हकिकत तर महागाईचीच आहे. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाच्या करासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती आणि मुलेबाळे दास्यात चालली होती. नहेम्या सावकारांना भर सभेत उभे करतो आणि जमिनींबरोबर ‘शेकडा एक’ही परत करायला लावतो. हा शेकडा बहुधा दरमहाचा असावा, असे भाष्यकार मानतात. मराठी वाचकाला त्यासाठी भाष्यकाराची गरज नाही. आपल्याकडे सावकारी व्याज आजही दरमहा शेकड्यानेच सांगतात. योसेफाची गोष्ट याच्या शेजारी ठेवण्याजोगी आहे. सुकाळात पाचवा हिस्सा कोठारात भरणारा योसेफ रविवारच्या शाळेत दूरदृष्टीचा नमुना म्हणून शिकवतात. पुढे उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात त्याच धान्याच्या बदल्यात लोकांनी पैसा दिला, मग गुरे, मग जमीन, आणि शेवटी स्वतःला विकले, तिथवर ही शिकवणी सहसा पोचत नाही.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रे फार कडक आहेत. शेजाऱ्यासाठी हातावर हात दिला असेल तर झोप न घेता जाऊन त्याच्या पाया पड आणि स्वतःला सोडवून घे, अशा अर्थाचा उपदेश तिथे आहे. एकाच मंडळीत बसणाऱ्यांना हे पाळणे अवघड जाते. पतसंस्थेच्या अर्जावर दोन जामीनदार लागतात, आणि रविवारी शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला नाही म्हणणे म्हणजे विश्वासच नाकारल्यासारखे वाटते. सही करताना रक्कम पाहणेही मग उद्धटपणाचे ठरते. पण नव्या करारात जामीनकीचे एक उदाहरण असेही आहे की ते टाळता येत नाही. फिलेमोनाला लिहिलेल्या चिठ्ठीत पौल पळून गेलेल्या अनेसिम या दासाची हमी घेतो. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड, असे कळवतो आणि ते स्वतःच्या हाताने लिहितो. दोन्हींचा मेळ सोपा आहे. पौल ‘तो फेडील’ असे म्हणत नाही, ‘मी फेडीन’ म्हणतो. जामीनकीची रक्कम सही करतानाच आपल्या खर्चात धरता येत असेल तर ती पौलाची जामीनकी, नाहीतर नीतिसूत्रांतली.

एकट्याने घेतलेली हमी घर बुडवते, तर अनेकांनी मिळून घेतलेली हमी पतपेढी उभी करते. या दुसऱ्या वाटेचा उगम जर्मनीतल्या एका महागाईत आहे. फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन हा धर्मनिष्ठ प्रॉटेस्टंट गृहस्थ वायरबुश गावचा नगराध्यक्ष होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात धान्याचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा त्याने गावातल्या सधन लोकांची एक भाकरी-मंडळी काढली, सामाईक भट्टी बांधली आणि गरिबांना उधारीवर स्वस्त पाव दिला. पुढे त्याला कळून चुकले की श्रीमंतांच्या दयेवर संस्था फार काळ चालत नाही. १८६४ मध्ये हेडेसडोर्फला त्याने जी पतसंस्था काढली, तिच्यात कर्ज घेणारेच सभासद होते आणि सगळ्यांची जबाबदारी सामाईक होती. क्षेत्र एका गावापुरते, कर्ज उत्पादक कामालाच, आणि कोण पितो, कोण राबतो हे सर्वांना ठाऊक. फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारला दिलेल्या अहवालात भारतासाठी याच माणसाचा नमुना सुचवला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात गदगजवळ कणगिनहाळ इथे सिद्दनगौडा पाटील यांनी देशातली पहिली शेतकी सहकारी पतसंस्था उभारली. एका प्रॉटेस्टंट नगराध्यक्षाच्या कल्पनेचे भारतातले पहिले शेतकी रोप एका पाटलाने लावले, तेही हुबळीहून साठेक किलोमीटरवर. इथल्या मंडळ्यांत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, याचे नवल वाटते.

ख्रिस्ती समाजांनी ही वाट घेतली तिथे ती टिकली. रांचीकडे योहान हॉफमन या जेझुइट पाद्रींनी १९०९ मध्ये आदिवासींसाठी कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. मंगळुरात १९१२ मध्ये कॅथलिकांची संस्था निघाली, आणि वसईत १९१८ मध्ये बॅसीन कॅथलिक बँक. वसईचे बागायतदार घरात सामवेदी, वाडवळी बोलणारे. त्यांच्या सहकाराचा इतिहास मराठीत आहे आणि हुबळीच्या मराठी वाचकाला तो सहज वाचता येण्याजोगा आहे.

दानाचा विषय महागाईत नाजूक होतो. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. हात आखडला की तो घरभाड्यातून द्यायचा की भाडे भागवून, हा वाद प्रत्येक मंडळीत आहे. आधी दान पेरा म्हणजे देव शंभरपट देईल, असे सांगणारे फिरते प्रचारक या वादात तेल ओततात. उधार काढून दशमांश देणारी माणसे आहेत. त्यांची श्रद्धा खरी असते, हिशेब चुकलेला असतो. मलाखीतले जे वचन यासाठी वापरतात, त्यातले भांडार मंदिराच्या वैभवासाठी नव्हते. अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्या जेवणासाठी वेगळा ठेवायचा होता. म्हणजे ज्या विधवेच्या घरी चूल पेटत नाही, ती दशमांश देणाऱ्यांच्या यादीत येत नाही, घेणाऱ्यांच्या यादीत येते. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट मार्काने जिथे सांगितली, तिच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने झोड उठवली आहे. ती दोन वाक्ये सोडून फक्त टोल्या वाचणे सोयीचे असते, एवढेच.

पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितलेली पद्धत अधिक व्यवहारी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याला जसे मिळाले असेल तसे त्याने बाजूला काढून ठेवावे. प्रमाण मिळकतीला बांधलेले असले की महागाईत दान आपोआप जुळते. ठरीव वर्गणीचे तसे नसते. दहा वर्षांपूर्वी ठरलेले महिना १०० रुपये देणाऱ्याला हलके होत जातात, आणि पाळकाचा पगार, विजेचे बिल, छपराची डागडुजी यांनी मंडळीचाच खिसा फाटतो. कापणीच्या सणाला वेदीपुढे मांडलेल्या भाज्या-फळांचा लिलाव होतो, त्यात एका भोपळ्याला बाजारभावाच्या दसपट बोली लागते. हिशेबाच्या वहीत हा व्यवहार बसत नाही, तरी ऐपत असलेला देतो आणि नसलेला हसत बघतो, म्हणून तो कुणाला जाचत नाही.

जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात ऑक्सफर्डच्या एका मेथडिस्टाचे उदाहरण दिले आहे. त्याला वर्षाला ३० पौंड मिळत, तो २८ मध्ये राही आणि २ दान करी. उत्पन्न ६० झाले, मग ९०, मग १२०. तो २८ मध्येच राहिला आणि बाकी देत गेला. उदाहरण सुंदर आहे, पण त्यात किमती वाढत नाहीत. आज २८ वर ठाम राहणाऱ्याला दरवर्षी थोडे कमी खावे लागेल. पगारवाढीचा पहिला वाटा महागाईचा धरावा आणि उरलेल्यातून दान व बचत वाढवावी, असे वेस्लींचे गणित आजच्यापुरते वाचता येते.

बचतीबाबत मुंगीचे उदाहरण आणि उद्याची चिंता करू नका हा उपदेश एकाच ग्रंथात आहेत. रानातला मान्ना रोज वेचायचा होता, साठवला तर त्यात किडे पडत. शब्बाथाआधी मात्र दुप्पट वेचायची मुभा होती. माहीत असलेल्या खर्चासाठी साठवणे म्हणजे चिंता नव्हे. हुबळीच्या घरात असे खर्च ठरलेले असतात: मे-जूनमध्ये शाळेची फी, डिसेंबरमध्ये नाताळचे कपडे, करंज्या, चकल्या. वर्षाला २४,००० लागत असतील तर महिना २,००० वेगळे काढले की मीटर बड्डीवाल्याचे एक गिऱ्हाईक कमी होते. भिशी यासाठी चांगली, फक्त चालवणारा माहितीतला हवा. बँकेतली ठेव व्याजासह ५ लाखांपर्यंत विमाकृत असते. एकाच बँकेत त्याहून जास्त ठेवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. सोने ही जुनी सोय आहे. एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅमला १ लाखाचा भाव लागल्यापासून ती विकत घेणाऱ्याला परवडत नाही आणि तारण ठेवणाऱ्याला मोहात पाडते.

कारभाराचा शेवटचा कागद म्हणजे मृत्युपत्र. ते नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलगे-मुलींना समान. म्हाताऱ्या आईला, ती त्याच्याच जिवावर जगत असली तरी, काहीही नाही. दानासाठी मृत्युपत्र करणाऱ्यावर याच कायद्याच्या ११८ व्या कलमाने बंधन घातले होते. जवळचे नातलग असतील तर धर्मादाय देणगीचे मृत्युपत्र मरणाआधी किमान १२ महिने केलेले आणि ६ महिन्यांच्या आत कायद्याने ठरवलेल्या जागी जमा केलेले असावे लागे. जॉन वल्लामट्टम या पाद्रींनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केले. तेव्हापासून ख्रिस्ती माणसाला आपला शेवटचा वाटा मंडळीला किंवा अनाथाश्रमालाही या अटींशिवाय लिहून देता येतो; त्या म्हाताऱ्या आईला तर तो आधीपासूनच देता येत होता. दोन साक्षीदारांसमोर सही करायला मात्र वेळेत बसावे लागते.