क्षमा कशाची?

मार्क स्प्रॅग या अमेरिकन लेखकाची 'ॲन अनफिनिश्ड लाइफ' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी लासे हालस्ट्रॉम यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात रॉबर्ट रेडफर्ड, मॉर्गन फ्रीमन आणि जेनिफर लोपेझ असल्याने कथा पुष्कळांना ठाऊक असेल; कादंबरी वाचलेले मात्र आम्हाला फारसे भेटले नाहीत. घरातला दुरावा आणि क्षमा हा तिचा विषय, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण क्षमा नेमकी कशाची, हा प्रश्न या कादंबरीने आमच्यापुढे उभा केला आणि त्यावर आम्हा दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही.

कथा थोडक्यात अशी. वायोमिंगमधल्या एका रँचवर आयनार गिल्किसन हा म्हातारा राहतो. त्याचा तरुण मुलगा ग्रिफिन मोटार अपघातात गेला. गाडी सून जीन चालवत होती. आयनारने तिला कधीच माफ केले नाही. मुलाच्या थडग्यापाशी जाऊन तो त्याच्याशी बोलत बसतो. जीनला त्या वेळी दिवस गेले होते, हेही त्याला माहीत नाही. पुढे रॉय नावाच्या पुरुषाच्या मारहाणीला कंटाळून ती आयोवातून निघते आणि दुसरा आसरा नसल्याने मुलीला घेऊन सासऱ्याच्या दारात येऊन उभी राहते. मुलीचे नाव ग्रिफ, बापाच्या नावावरून ठेवलेले. रँचवर आणखी एक माणूस आहे: मिच. कोरियाच्या युद्धापासूनचा आयनारचा हा सोबती अस्वलाच्या हल्ल्यात विद्रूप आणि पंगू झाला आहे. त्याच्या जखमा पाहणे, त्याला मॉर्फिनची सुई टोचणे हा आयनारचा रोजचा नेम आहे.

येथे प्रदेश समजून घेणे आवश्यक आहे. रँच म्हणजे आपल्या अर्थाने शेत नव्हे. ती गुरे राखण्याची विस्तीर्ण, कोरडी जमीन. १९१६ च्या एका कायद्याने अमेरिकन सरकारने पशुपालनासाठी एकेका कुटुंबाला ६४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली होती आणि पश्चिमेकडच्या कित्येक भागांत तेवढ्यावरही भागत नसे. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या थोडी वर भरली. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत ती सर्वांत कमी. अशा मुलखात अबोला धरणे सोपे असते. आपल्याकडची भाऊबंदकी भिंतीला भिंत लावून नांदते. लग्नात, दहाव्याला तोंडे दिसतातच आणि मध्ये पडणारी चार माणसेही असतात. आयनारच्या अबोल्यात मध्ये पडायला कोणी नाही. अंतरच त्याची राखण करते.

हा अबोला सुटतो तो मात्र बोलण्याने नव्हे, कामाने. ग्रिफ मिचच्या चेहऱ्याला बिचकत नाही. ती कामाला हात लावते, म्हाताऱ्यांच्या मागे-मागे हिंडते आणि आयनारला तिची सवय होते. आमच्यापैकी एकाच्या मते कादंबरीचे सारे बळ येथे आहे. क्षमा ही मनात घडणारी घटना नसून एकमेकांसाठी केलेल्या कामांची बेरीज आहे. 'मी तुला क्षमा केली' या वाक्यात उंचावरून खाली पाहणे असते. दुसऱ्याच्या जखमेवर मलम लावताना ते उरत नाही.

दुसरीला हे पुरेसे वाटत नाही. तिचे म्हणणे असे, की कादंबरीत इजा करणारे तिघे आहेत आणि ते मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवले आहेत. अस्वलाने मिचला फाडले, पण ते त्याचा स्वभाव जगले. चित्रपटात तर पिंजऱ्यातल्या त्या अस्वलाला मोकळे कर, असे मिचच आयनारला सांगतो. रॉय जाणूनबुजून मारतो. आणि जीनच्या हातून अपघात घडला. अस्वलाला क्षमा करण्याचा प्रश्नच येत नाही, रॉयला ती मागायची नाही. मग जीनला क्षमा कशाची करायची? अपराध असेल तर क्षमा, अपघाताला काय? आयनारच्या दुःखाला आरोपी हवा होता आणि तो हाताशी सापडला, एवढेच. मारणाऱ्या पुरुषाबरोबर जीन इतके दिवस राहते, त्यामागे आपल्याला शिक्षा व्हायलाच हवी ही तिची समजूत असावी, असे आम्हा दोघांनाही वाटते. अशा बाईला आसरा आणि जेवण मिळाले, तरी 'तुझी चूक नव्हती' हे शब्द तिला कोण देणार?

हा वाद केवळ ग्रंथापुरता राहिला नाही, कारण आमच्यापैकी एकीच्या माहेरी असेच घडले होते. १९९४ साली तिचा थोरला भाऊ मामांच्या स्कूटरवर मागे बसला होता. समोर अचानक बैल आला. मामा वाचले, भाऊ गेला. त्यानंतर आई आपल्या भावाशी बोलली नाही. भाऊबीज बंद झाली. पण दरवर्षी सुगीनंतर मामांच्या गावाहून ज्वारीचे पोते येई. आई ते ठेवून घेई, त्याच्या भाकरी सगळ्यांना वाढी, आणि पोते कोणाकडून आले याचा उच्चार मात्र घरात होत नसे. २००८ मध्ये मामींचे मोठे ऑपरेशन झाले. आई न सांगता पिशवी भरून गेली आणि महिनाभर तिथला स्वयंपाक-पाणी करून आली. पुढे येणेजाणे सुरू झाले. जुना विषय कोणी काढला नाही.

म्हणजे आयनारच्या रँचवर घडले तेच. पहिल्याचा पक्ष येथे सिद्ध होतो: शब्दांवाचून समेट झाला आणि टिकला. पण मामा २०१९ मध्ये गेले, तेव्हा मामी म्हणाल्या, "वन्संनी सगळं केलं हो आमच्यासाठी, पण हे शेवटपर्यंत स्कूटरवर बसले नाहीत." ते ऐकल्यापासून दुसरीचा पक्ष आमच्या घरात जड झाला आहे.

चांगली कादंबरी वाद मिटवत नाही, तो नीट मांडून देते. कामाने माणूस घरात परत येतो, हे स्प्रॅग यांनी फार संयमाने दाखवले आहे. तो निर्दोष होऊन परत येतो का, हा प्रश्न वेगळा आहे. ते एक वाक्य म्हणायला आपल्याकडेही जीभ वळत नाही, कारण ते म्हणताच दुःखाचा आरोपी सुटतो आणि दुःख तेवढे आपल्यापाशी उरते. आयनारला ते पेलावे लागते. वाचकालाही लागेल.