गिरगाव ते शिवडी : उणे होत गेलेले

घरे. खोताची वाडी, गिरगाव. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी कॅथलिक कुटुंबांची वस्ती. बाहेरून चढणारे लाकडी जिने, पुढे ओटा, वर कौले. एके काळी ६५ घरे होती. आता निम्मीही नाहीत.

लादीन. मे महिन्यात संध्याकाळी वाडीतल्या क्रूसापाशी जमून म्हणायची प्रार्थना. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी जाब द्यायचा. शेवटी उकडलेले चणे. मुलेबाळे वसई-विरारकडे गेली, जाब देणारे आवाज कमी झाले.

कूड. धोबीतलाव, गिरगाव. गोव्याच्या एकेका गावाचा मुंबईतला क्लब. बोट मिळेपर्यंत खलाशी इथे राहत. भिंतीला ट्रंका, समोर गावच्या संताची वेदी, संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजेरी सक्तीची. मुक्कामाला येणारे घटले, ट्रंकाही.

वेदी. परळ. जेझुइटांचे प्रार्थनामंदिर इंग्रजांनी घेतले, तिथे गव्हर्नरचा बंगला झाला. १८९९ पासून शास्त्रज्ञ हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा. आज हाफकिन इन्स्टिट्यूट.

पोर्तुगीज चर्च. दादर. स्थापना १५९६. आजची इमारत १९७० च्या दशकातली, चार्ल्स कोरियांची. पोर्तुगीज गेले, जुने देऊळही गेले. बसथांब्याने नाव धरून ठेवले.

ख्रिस्ती कीर्तन. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला, १० फेब्रुवारी १८९५ रोजी. येशूला त्यांनी अभंगात आणले, कीर्तनातही. त्यांची पदे मराठी उपासनेत अजून म्हटली जातात. कीर्तनाला उभा राहणारा मात्र विरळा.

थडगे. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी. जागा अपुरी. ठरलेली मुदत भरली की अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात, खड्डा दुसऱ्याला मिळतो. चिरविश्रांतीलाही मुदत आहे.

क्रूस. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला. मग वाड्यांतून, गावठाणांतून क्रूस उभे राहिले. काही रक्षणासाठी, काही वाचल्याच्या कृतज्ञतेने. ज्या वाड्यांत माणसे मेली, तिथेही. बरेच अजून जागेवर आहेत.

विलापगीत. अशाच उण्याची नोंद ठेवणारे, बायबलच्या जुन्या करारातले ५ अध्यायांचे पुस्तक. यरुशलेम पडले, त्यानंतरचे. वेशी, तट, मंदिर, उपाशी पोरे, विकत घ्यावे लागणारे पाणी, सगळ्याची नोंद आहे. पहिले ४ अध्याय हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेले. देवाची दया कधी आटत नाही, ही ख्रिस्ती घरांत दुःखाच्या वेळी हमखास निघणारी ग्वाही याच पुस्तकातली, तिसऱ्या अध्यायातली. ती देऊन झाल्यावर शहर पुन्हा उभे राहत नाही. पुढे आणखी दोन अध्याय नुकसानच मोजले आहे, आणि अखेरच्या ओळीत देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, ही शंकाही आहे.

देवाची प्रीती अढळ म्हणजे घरदार अढळ, असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. म्हणूनच प्लेगात माणूस गेलेल्या घरालाही ती ग्वाही देता आली.