पोरं किती?

परवा ऑफिसात एका नव्या पोराचा प्रोग्रॅम बिघडला. चौकटीतला 'नाव' हा रकाना शोधायचा होता. तो तयारच झाला नव्हता, म्हणून प्रोग्रॅमने दोन पातळ्या खालचा, त्याच नावाचा भलताच रकाना आणून दिला. क्यूटी वापरणाऱ्यांना माहीत असेल, 'फाइंडचाइल्ड'ला काही सांगितलं नाही तर ते मुलांत, नातवंडांत, पतवंडांत, सगळीकडे शोधतं. फक्त पोटची मुलं हवीत तर 'फाइंडडायरेक्टचिल्ड्रनओन्ली' असं बजावावं लागतं. ही सोय 2012 साली, क्यूटी 5 बरोबर आली.

त्याला हे समजावताना इस्लामपूरची आज्जी आठवली. (2025 मध्ये गावाचं ईश्वरपूर झालं, पण माझी जीभ अजून वळत नाही.) तिला कुणी "पोरं किती?" विचारलं की ती "अकरा" म्हणायची. पाच पोटची, सहा नातवंडं. आज्जीचा शोध कायम तळापर्यंत!

आजोबा गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. शेत त्यांनी स्वतः घेतलेलं. वारस नोंदीचा अर्ज मीच लिहायला बसलो. आज्जी, थोरले काका, बाबा, दोन आत्या. झालं की! आज्जीला वाचून दाखवलं. ती गप्प बसली, मग म्हणाली, "आन् धाकट्याची बायकू-पोरं कुटं हाईत?"

धाकटे काका आजोबांच्या आधीच वारले होते. मी हयात मुलं शोधली आणि थांबलो. 1956 चा हिंदू वारसा कायदा तसा थांबत नाही. मुलगा आधी वारला असेल तर त्याची विधवा आणि मुलं त्याच्या जागी येतात, सगळ्यांना मिळून त्याचा एक वाटा. आमचे सहा वाटे झाले, त्यातला एक काकू आणि तिच्या दोन पोरांचा. माझं नाव मात्र कुठेच नाही, कारण बाबा हयात होते.

म्हणजे नुसती मुलंही नकोत आणि सरसकट सगळी नातवंडंही नकोत. मूल असेल तिथे थांबायचं, नसेल तिथेच खाली उतरायचं. असा शोध क्यूटीत तयार मिळत नाही, स्वतः लिहावा लागतो.

चुलतभाऊ तेव्हा बारावीत होता. आज त्या वाट्यातला ऊस तोच बघतो. माझी पहिली यादी त्याला मी कधी दाखवली नाही. आता इथे वाचेलच. असो.