घोट्यापाशी

यंदा प्रस्तुत कारागिराच्या उजव्या अंगठ्याने पटाशी धरायला नकार दिला. संधिवात. फिनलंडमधल्या त्याच्या कार्यशाळेत आता ओंडके शिकाऊ मुलगी तासते आणि तो शेजारी उभा राहून नको तितक्या सूचना देतो. बर्चच्या फांद्या आणि पॅलेटच्या फळ्या यांतून एल्क हरीण रचताना तिने विचारलं, याला उभंच का करायचं? बसवू या की!

प्रश्न वर्मी लागला. एल्कचा सगळा डौल त्याच्या उंच, काटकुळ्या पायांत असतो, आणि कारागिराचं घोडं कायम घोट्यापाशीच अडलं आहे: लाकडी पाय मातीला टेकतो तिथेच कुजतो.

बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, वरच्या लाकडावर ओल टिकत नाही. मातीच्या रेषेवर मात्र दोन्हींची चंगळ. सागावर बसलेल्या हाताला हे उशिरा उमगतं, कारण सागाचा गाभा सहसा कुजत नाही. बर्चला तसा टिकाऊ गाभाच नसतो. वर त्याची साल इतकी जलरोधक, की आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. जंगलात पडलेल्या बर्चवर पाय द्या: सालीची नळी शाबूत, आत भुसा. साल सोलावी तर बर्च बर्च राहत नाही.

पॅलेटवरच्या ‘एचटी’ शिक्क्यावरही भिस्त ठेवता येत नाही. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं की तो मिळतो. त्याने आतली कीड मरते. पुढच्या पावसाळी शरदाचा बंदोबस्त होत नाही.

मग पायाखाली लोखंडी बूट घालून लाकूड जमिनीपासून उचलायचं. बूट दिसला की एल्क बागेतल्या बाकासारखा दिसतो. बूट शेवाळाने झाकला की शेवाळ पाणी धरतं, आणि आडव्या छेदाच्या उघड्या तोंडांतून ते पाणी लाकडात सरसर वर चढतं. शेवाळ काढा, पुन्हा बूट. जुन्या ओंडकाघरांच्या पाइनच्या तुळया बऱ्या टिकतात, पण त्यांना फांदीचा बाक नाही.

इतर शिल्पकारांनी आपापले मार्ग काढले आहेत. डेबोरा बटरफिल्ड काटक्यांचे घोडे रचून ते ब्राँझमध्ये ओततात. देखणे, पण कारागिराच्या मते ही पळवाट. अँडी गोल्डस्वर्दी रचना मोडू देतात आणि छायाचित्र ठेवतात. डेन्मार्कच्या थॉमस डांबोंचे टाकाऊ लाकडाचे ट्रोल जगभर पोचले, याचा त्याला हेवा वाटतो; त्यांतले बरेच ट्रोल ऐसपैस बसलेले असतात, हे तो मुद्दाम ऐकवतो.

फिनलंडच्याच रेयो केलांपुढे मात्र त्याची टीका थांबते. सुओमुस्सल्मीजवळ हमरस्ता ५ लगत त्यांचे सुमारे हजार ‘मूक लोक’ उभे आहेत: लाकडी सांगाडा, पीट मातीचं डोकं, गवताचे केस, लोकांनी दिलेले जुने कपडे. १९९४ मध्ये ते हेलसिंकीच्या सिनेट चौकातही उभे होते. वर्षातून दोनदा त्यांचे कपडे बदलतात. डागडुजी हाच तिथे कलाकृतीचा भाग आहे. कारागिराला मात्र हात न लावता टिकणारं काम हवं आहे, तेही स्वतःच्या नावाच्या पाटीसह. पाटी त्याने स्टेनलेस स्टीलची करून घेतली आहे.

बसलेला एल्क शिकाऊ मुलीने रचायला घेतला आहे. तो चांगला होतो आहे, हे कारागिराने तिला अजून सांगितलेलं नाही.

वाचकहो, सुओमुस्सल्मीला गेलात तर चेहऱ्यांचे फोटो जरूर काढा. पण एकदा खाली वाकून लाकूड मातीला टेकतं तिथेही बघा.