चढावर अडलेली पद्मिनी

जुनी मोटार म्हाताऱ्या माणसासारखी असते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. म्हातारे माणूस आपले दुखणे सांगते, पुष्कळदा विचारण्याआधीच सांगते. मोटार मात्र साऱ्या दुखण्यांना एकच लक्षण दाखवते: ती ओढत नाही. पेट्रोल कमी पडो, ठिणगी मंदावो, व्हॉल्व्ह गळोत की ब्रेक चाकाला चिकटून बसोत, चालवणाऱ्याला एवढेच कळते की पाय तळाशी टेकला तरी गाडी पुढे सरकत नाही.

माझ्या आत्याचे घर हैदराबादेत चिक्कडपल्लीला, सिटी सेंट्रल लायब्ररीपासून हाकेच्या अंतरावर आहे. आपला बीदर जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इकडच्या पुष्कळ घरांचा एक पाय अजून तिकडेच असतो. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू. त्यांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी, तीच ती गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली, १०८९ सीसीची गाडी. २०१९ च्या अखेरीस मामा गेले आणि गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली साडेचार वर्षे उभी राहिली.

मे २०२४ च्या सुटीत मी गेलो, तेव्हा घरात तिच्यावरून दोन तट पडले होते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ही मुदत जुलैत संपत होती. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५००० झालेली, आणि तपासणीला गाडी धडपणे चालती न्यायला हवी. पुण्याचा आतेभाऊ फोनवरून सांगत होता, "आई, भंगारात देऊन टाक." आत्या म्हणाली, "चालत नसेल तर देईन. पण ती चालत नाही, हे आधी मला कोणीतरी नीट पटवून द्या."

पहिल्या मेकॅनिकने ते पाच मिनिटांत पटवले. बॉनेट उघडले, कान दिला आणि निकाल सांगितला: इंजिन उतरवायचे, बोअर करायचे. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता. मग शेजाऱ्यांनी मुशीराबादच्या एका वृद्ध उस्तादांना बोलावले. जन्म फियाट दुरुस्त करण्यात गेलेला, डोळ्यांनी आता कमी दिसते, पण बोटांना सर्व कळते.

त्यांनी प्रथम किल्ली फिरवूच दिली नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले आणि हँडलने इंजिन हातानेच फिरवले. टाकीतले जुने पेट्रोल काढले. त्याला वॉर्निशचा वास येत होता. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून साफ केले, बॅटरी नवी बसवली. विमा आत्याने आधीच उतरवून ठेवला होता. गाडी सुरू झाली आणि जागेवर अशी सुरेख गुणगुणू लागली की आत्याचे डोळे भरून आले.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे इंदिरा पार्क ते व्हीएसटी हा २०२३ साली सुरू झालेला पोलादी उड्डाणपूल चढताना तिने निम्म्यावर दम सोडला. धक्के खात थांबली. दहा मिनिटांनी काही झालेच नाही अशी सुरू झाली, आणि पुन्हा थोड्याच अंतरावर थांबली.

हा दहा मिनिटांचा विसावाच मला भौतिकशास्त्राच्या उदाहरणासारखा वाटला. रिंगा झिजल्या असतील तर विश्रांतीने त्या भरून येत नाहीत. कॉम्प्रेशन मोजले तर चारही सिलिंडर १०० ते ११० पौंडांच्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ सारखे. तापलेली कॉइल मात्र असाच दगा देते आणि निवल्यावर शहाणी होते. म्हणून उस्तादांनी पुढच्या वेळी गाडी थांबताक्षणी दोन्ही गोष्टी पाहिल्या. ठिणगी निळी व ठसठशीत होती. कार्ब्युरेटरचे झाकण काढले तर आतली वाटी जवळजवळ कोरडी! सपाटीवर हळू चालताना जेवढे पेट्रोल येते तेवढे पुरते. चढावर खर्च वाढतो, आवक तेवढीच राहते, आणि वाटी रिकामी होते. थांबले की ती हळूहळू भरते.

"इंजन में दम है बेटा, पेट्रोल नै पहुँच रा," उस्ताद म्हणाले.

आता दोष टाकीत, नळीत की पंपात? इथे त्यांनी केलेली युक्ती मला फार आवडली. टाकीची नळी सोडून पंपाला रबरी नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक स्वच्छ पेट्रोलच्या बाटलीत ठेवले. बाटली इंजिनापासून दूर, शेजारी वाळूची बादली. (वाचकांनी हा प्रयोग जाणत्याशिवाय करू नये.) मागची चाके जॅकवर घेऊन इंजिन जोरात चालवले, तर एकदाही अडखळले नाही. पंप निर्दोष सुटला. चाके वर होती म्हणून हेही कळले की मागचे डावे चाक ब्रेकने धरून ठेवले होते. सिलिंडरमधला पिस्टन गंजला होता, तो साफ करून मोकळा केला.

टाकी उतरवली. आतल्या नळीच्या तोंडाची जाळी तांबड्या चिखलाने लिंपलेली होती. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते. अर्धी रिकामी टाकी वर्षानुवर्षे उभी राहिली की पाणी तळाशी बसते आणि पत्रा गंजतो. रॉकेल आणि सायकलची जुनी साखळी टाकीत घालून आम्ही दोघांनी ती तासभर हलवली. खांदे आठवडाभर दुखत होते.

सारा खर्च, बॅटरी सोडून, चार हजारांच्या आत झाला. उड्डाणपूल गाडीने एका दमात चढला. जूनमध्ये तपासणीही झाली, आणि नोंदणी २०२९ पर्यंत वाढली.

टाकी भरलेली ठेवा आणि आठवड्याला एकदा तरी गाडी बाहेर काढा, असे उस्तादांनी बजावले आहे. परवा आतेभावाने पुन्हा फोनवर विचारले, "आता चालते आहे तर चांगली किंमत येईल. कधी विकायची?"

"टाकी आत्ताच भरली आहे," आत्या म्हणाली. "ते पेट्रोल संपू दे, मग बघू."