गाणी आहेत म्हणून मुलांचा सिनेमा?

पोस्टरवर नाचणारे प्राणी दिसले आणि गाणी कानावर पडली की पालक निर्धास्त होतात. पण पाच वर्षांच्या मुलाला काय पेलेल आणि काय पेलणार नाही, हे त्याच्या घरच्यांखेरीज कोण सांगणार?

सुट्या लागल्या की घरोघरी मुलांचा एकच धोशा सुरू होतो, ‘सिनेमा लावा ना!’ अशा वेळी गाण्यांचा कार्टूनपट हा पालकांना सर्वांत सोपा मार्ग वाटतो. त्यात मारधाड नाही, नको ती दृश्यं नाहीत, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा. मुलांना टीव्हीसमोर बसवून आईला तेवढीच दोन तास कामं उरकता येतात.

पण या कार्टूनपटांच्या गोष्टी जरा आठवून पाहा. १९४२ च्या ‘बांबी’मध्ये हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडते. २०१३ च्या ‘फ्रोझन’मध्ये सुरुवातीलाच दोन्ही राजकन्यांचे आईवडील जहाजासह बुडतात. ‘द लायन किंग’मध्ये छाव्याच्या डोळ्यांदेखत त्याचे वडील मरतात. गाणी कितीही गोड असली, तरी गोष्ट बहुधा पोरकेपणाचीच असते.

प्रमाणपत्र काय सांगतं?

आपल्याकडे १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चित्रपटांना प्रमाणपत्र मिळतं. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. या दोहोंच्या मधला ‘यूए’ हा वर्ग १९८३ मध्ये आला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन भाग केले. या वयांच्या खुणा पालकांच्या माहितीसाठी आहेत. मुलाला सिनेमा दाखवायचा की नाही, हे अखेर पालकांनीच ठरवायचं आहे.

हे ठरवताना जाणत्यांचंही एकमत होत नाही. १९३८ मध्ये डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ला ब्रिटनमध्ये ‘ए’ प्रमाणपत्र मिळालं होतं. म्हणजे मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीनेच पाहायचा. २०१६ मध्ये ‘द जंगल बुक’च्या नव्या आवृत्तीला भारतात ‘यूए’ मिळालं, तेव्हा अनेकांनी थट्टा केली. ‘द लायन किंग’ला अमेरिकेत १९९४ मध्ये ‘जी’, म्हणजे सर्वांसाठी, असा दर्जा होता. तीच गोष्ट २०१९ मध्ये खऱ्यासारख्या दिसणाऱ्या सिंहांसह पुन्हा आली, तेव्हा मात्र पालकांनी लक्ष ठेवावं असा ‘पीजी’ दर्जा मिळाला. गोष्ट तीच, पण चित्र खरं वाटू लागलं की भीतीही वाढते.

थोरल्याचा हट्ट, धाकटीचा प्रश्न

मैसुरूत दसऱ्याची सुटी म्हणजे मुलांची चंगळ. राजवाड्यावरची रोषणाई, जंबो सवारी, प्राणिसंग्रहालय, चामुंडी टेकडी, सगळं झालं तरी सुटी उरतेच. कुवेंपुनगरातल्या एका मराठी घरातही तसंच झालं. नऊ वर्षांच्या थोरल्याला ‘द लायन किंग’ बघायचा होता. त्याच्या वर्गातल्या बहुतेकांनी तो पाहिला होता. पाच वर्षांच्या धाकटीला दादा करील ते सगळं करायचं होतं.

आईने एरवी लगेच होकार दिला असता. पण चार महिन्यांपूर्वी साताऱ्यात मुलांचे आजोबा वारले होते. त्यानंतर आजी मैसुरूला राहायला आल्या होत्या. धाकटी अधूनमधून विचारायची, ‘‘आजोबा कधी उठणार?’’ मोठी माणसं विषय बदलायची.

म्हणून आईने मुलं झोपल्यावर सिनेमा एकटीने पाहिला. वडील मरतात हे तिला आठवत होतंच. तिला धक्का बसला तो त्यानंतरच्या प्रसंगाने. दुष्ट काका छाव्याच्या मनात भरवतो, की वडील तुझ्यामुळे गेले, आता पळून जा. त्या अपराधाच्या ओझ्याखालीच तो छावा मोठा होतो.

मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे सांगतात, की मरण कायमचं असतं हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास हळूहळू उमगू लागतं. त्याआधी मेलेला माणूस परत येईल असंच त्यांना वाटतं. आणि या वयात आपल्या वागण्यामुळे, रागावण्यामुळे, नुसतं मनात आणल्यामुळेसुद्धा काही वाईट घडलं असं मुलं सहज धरून चालतात. अशा मुलाला मेलेल्या सिंहापेक्षा ‘तुझ्यामुळे झालं’ हे वाक्य जास्त जखम करू शकतं.

सकाळी आईने सासूबाईंना हे सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. ‘‘अगं, आपल्या गोष्टींत काय वाघ-कोल्हे नसतात? त्या भोपळ्यातल्या म्हातारीला सगळे खायलाच उठलेले असतात. तुझ्या नवऱ्याने ती गोष्ट शंभरदा ऐकली. घाबरला का तो?’’

‘‘पण आई, गोष्ट तुम्ही सांगत होता ना. तो घाबरला की तुम्हाला दिसत होतं.’’

आजी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘‘हो, ते खरं. डोळे मोठे झाले की मी म्हातारीला लवकर घरी पोचवायचे.’’

भीती चित्रातून, दिलासा शब्दांतून

नेमका हाच फरक आहे. गोष्ट सांगणारी आजी मुलाच्या चेहऱ्याकडे बघून आवाज चढवते, उतरवते, वाघाला चार पावलं मागे नेते. सिनेमा कुणासाठी थांबत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते. मैसुरूतलं मराठी मूल घरात मराठी, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी ऐकतं. २०१९ चा ‘द लायन किंग’ भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. यांतली एकही भाषा त्या पाच वर्षांच्या मुलीच्या रोजच्या सवयीची नव्हती. शाळेतली इंग्रजी म्हणजे बडबडगीतं आणि रंगांची नावं. उधळलेला कळप, काळोख, निपचित पडलेला बाप, हे समजायला भाषा लागत नाही. पण त्यानंतर छाव्याला मिळणारा धीर आणि शेवटी उघड होणारं सत्य हे सगळं संवादांत आहे. म्हणजे भीती पूर्ण पोचते आणि दिलासा वाटेतच अडतो. तो दिलासा मराठीत द्यायला शेजारी कुणीतरी बसलेलं हवं.

त्या घरात शेवटी तोडगा निघाला. थोरल्याने ‘द लायन किंग’ वडिलांबरोबर रात्री बघायचा. धाकटीसाठी डिस्नेचा १९६७ चा ‘द जंगल बुक’ लावायचा. तो अवघा ७८ मिनिटांचा, आणि त्यातली बहुतेक संकटं आली तशी लवकर टळतात. मोगली आईवडिलांना १९९० च्या दशकातल्या दूरदर्शनमुळे ओळखीचा. शिवाय १९४२ च्या ‘जंगल बुक’मध्ये मोगली झालेला साबू हा याच मैसूर संस्थानातल्या करापूरचा, माहुताचा मुलगा. थोरल्याला हे ऐकून भारी कौतुक वाटलं.

धाकटी आजीच्या मांडीवर बसली. आई मराठीत सांगत होती, आजी मध्येच वाघाला दम भरत होत्या. सगळं मजेत चाललं होतं. शेवटी वाघाशी झुंजताना बाळू अस्वल निपचित पडतं, सगळे हळहळतात आणि मग ते चक्क उठून बसतं. धाकटीने टाळ्या पिटल्या आणि आजीकडे वळून विचारलं, ‘‘आजोबा पण असेच उठतील?’’

आईने सिनेमा थांबवला. या वेळी विषय बदलायचा नाही, एवढं तिने ठरवलं. ‘‘नाही गं राणी. बाळू मेलाच नव्हता. आजोबा वारले. वारलेली माणसं उठत नाहीत.’’

‘‘मी त्यांच्या खोलीत ओरडले होते म्हणून?’’

आजींनी तिला छातीशी धरलं. ‘‘नाही गं बाळे. त्यांचं हृदय आजारी होतं. तुझ्या ओरडण्याने तर ते हसायचे.’’

चार महिने त्या पोरीच्या मनात काय चाललं होतं, ते त्या दुपारी घरातल्यांना पहिल्यांदा कळलं. आणि तेही इतक्या काळजीने निवडलेल्या, सौम्य समजलेल्या सिनेमामुळे.

निवड कशी करावी?

सिनेमा आधी स्वतः पाहा, किंवा ज्यांनी पाहिला आहे त्यांच्याकडून गोष्ट नीट समजून घ्या. विचारताना ‘मारामारी आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. त्यात कोण कुणाला दुरावतं, मुलाच्या माथी दोष येतो का आणि त्या दुःखातून ते किती लवकर सावरतं, हे विचारा. अलीकडे घरात मृत्यू, आजारपण, बदली किंवा ताटातूट झाली असेल, तर तसाच प्रसंग असलेला सिनेमा थोडा पुढे ढकला. सहा महिन्यांनी तोच सिनेमा मूल सहज पाहील.

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्यांदा घरीच दाखवा, दिवसा आणि दिवा लावून. थिएटरातला अंधार आणि मोठा आवाज लहानग्यांना गोष्टीपेक्षाही जास्त घाबरवतो. थिएटरात गेलात आणि मूल कानांवर हात ठेवून कुशीत शिरलं, तर तिकिटाच्या पैशांचा विचार न करता उठून बाहेर या. त्याला ‘भित्रा’ म्हणू नका. मोठ्या आणि धाकट्या भावंडांना एकच सिनेमा एकाच दिवशी दाखवलाच पाहिजे, असंही नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, शेजारी बसा. कितीही निवडून दाखवला तरी सिनेमा मुलाच्या मनातल्या कुठल्या दुखऱ्या जागी बोट ठेवील, हे आधी कळत नाही. ते बोट लागेल तेव्हा मूल मान वळवून आपल्या माणसाकडे बघतं. तेव्हा ते माणूस स्वयंपाकघरात नसावं.